नळ आहे, पण पाणी किती वाजता?

(दृश्य : जुने गोवे. चर्चच्या मागची ओसाड वाट.)

एके काळचं हे गजबजलेलं राजधानीचं शहर. इथली जमीन पाझरणारी. शोषखड्ड्यांतली घाण विहिरींत मुरत राहिली; पटकी आणि हिवतापाच्या साथींनी वस्ती उठली. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

आजचा गोवा वेगळा. ओपा, साळावली, अस्नोडा, चांदेल इथून शुद्ध केलेलं पाणी गावोगाव जातं. 2020 मध्ये ग्रामीण भागातल्या सगळ्या घरांना नळजोडणी देणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून गोव्याचं नाव जाहीर झालं. कौतुक आहेच. पण जोडणी मोजणं सोपं असतं.

(दृश्य : चढावरचा वाडा. रांगेत कळशा, घागरी.)

एप्रिल-मेमध्ये चढावरच्या घरांत नळाला पाणी कमी दाबानं येतं, कधी येतच नाही. दाब गेला की फुटक्या जलवाहिनीत बाहेरचं गटारपाणी ओढलं जातं. मग पाणी आलं की घरात असेल नसेल ते भांडं भरून ठेवायचं. त्यात पोराचा हात जातो. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं स्वच्छ पाणी असं शेवटच्या काही पावलांत बिघडतं.

मोठ्या माणसाला दोन जुलाबांनी फारसं काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या अंगात पाण्याचा साठाच थोडा. उलट्या-जुलाब सुरू झाले की काही तासांत डोळे खोल जातात, लघवी कमी होते. तेव्हा ओआरएस हवं, सोबत डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंक, अंगावरचं दूधही चालूच. आणि हे वरचेवर होत राहिलं, तर आतडं अन्न नीट शोषत नाही. मूल जेवतं, तरी वजन आणि उंची मागे पडते. आई बिचारी खाण्यालाच दोष देत बसते.

(दृश्य : शाळेची मधली सुट्टी.)

शाळेत वेगळीच गोष्ट. पाण्याचा नळ शौचालयाला लागून, आणि शौचालय अस्वच्छ. मुली पाणीच पीत नाहीत. भरलेली बाटली तशीच घरी परत येते. बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ यांचं मूळ इथं असतं. दप्तर तपासणाऱ्यांनी बाटलीही तपासावी.

(दृश्य : छोटी तपासणी बाटली.)

घरोघर नळाचं पाणी पोचवण्याच्या केंद्राच्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या 5 महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. या तपासणी बाटलीत भरलेलं पाणी दिवस-दीड दिवसात काळं पडलं, तर त्यात मैला मिसळल्याचा संशय घ्यायचा. नमुना मात्र शाळेच्या गच्चीवरच्या टाकीतून, अंगणवाडीच्या माठातून घ्या. मुलं तेच पाणी पितात.