कुत्रं हलतं, मग चित्र कसं काढायचं? निवृत्तीनंतरची चित्रकला आणि आमची तांबू

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत आमच्या तांबू कुत्रीची चित्रं दाखवली आणि तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "काकू, कुत्रं एका जागी बसत नाही, मग चित्र काढायचं कसं?" आणि त्याच्याखाली कुणीतरी लगेच उत्तरही देऊन टाकतं, "मोबाईलवर फोटो काढा आणि बघून काढा, सोपं आहे." आज मला या उत्तरावरच बोलायचंय, कारण ते मला अजिबात पटत नाही.

आधी सामानाचं भराभर सांगते. सरावाला कुठलीही कोरी वही आणि 4बी पेन्सिल. जलरंगासाठी मात्र 300 जीएसएमचा जाड कागद घ्या, पातळ कागद पाणी लागलं की फुगतो. रंगाच्या पाच-सहा ट्यूबा पुरतात. टोक नीट जुळणारा एक गोल ब्रश. झालं. बाकीचं सामान हळूहळू जमतं, त्यासाठी सुरुवात अडवून ठेवू नका.

तर, कुत्रं हलतं. हलणारच, जिवंत आहे ते. आपण काय करायचं, तर एका पानावर एकच चित्र हा हट्ट सोडायचा. वही आडवी धरा. कुत्रं बसलं की डाव्या कोपऱ्यात सुरू करा. आधी पाठीची रेघ, मग मानेचा उतार, मग डोक्याचा आकार. उठलं? सोडून द्या तिथंच. रबर हातात घ्यायचा नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत नव्या बैठकीचं चित्र सुरू. तेही मोडलं, तिसरं सुरू. आणि मग कुत्रं परत पहिल्यासारखं बसतं. बसतंच! त्यांच्या बसायच्या-लोळायच्या तऱ्हा ठरलेल्या असतात. आमची तांबू सकाळी उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडते. दुपारी फरशी गार लागते म्हणून पोट टेकवून मागचे पाय बेडकासारखे पसरते. संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर, तोंड गल्लीकडे. तुमच्याही कुत्र्याच्या अशा चार-पाच बैठका असतील, दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा. ती बैठक परत आली की त्या अर्धवट चित्राकडे जायचं आणि राहिलेला कान घालायचा.

हे पानच दाखवते. [वही कॅमेऱ्याजवळ] इथं बघा, डोकं नाही, नुसती पाठ आणि शेपूट. हे नुसते दोन कान. हे जवळजवळ पूर्ण. मला या पानातलं काहीच खोडावंसं वाटत नाही.

इंग्लंडचे मोठे चित्रकार डेव्हिड हॉकनी. त्यांनी 1995 साली लॉस एंजेलिसच्या घरी आपल्या दोन डॅक्सहुंड कुत्र्यांची चित्रं काढली, एकाचं नाव स्टॅनली, दुसऱ्याचं बूजी. घरभर कागद आणि रंग तयार ठेवलेले असायचे, कारण कुत्री कुठं आणि कधी आडवी होतील याचा नेम नाही, आणि दारावर थाप पडली की ती उठलीच. एवढा नावाजलेला माणूस कुत्र्यांच्या वेळेप्रमाणे काम करतो, तर आपण का नाही? वही आणि पेन्सिल कुत्र्याच्या जागेजवळ ठेवा. कपाटात ठेवलीत तर तुम्ही ती काढेपर्यंत कुत्रं उठून गेलेलं असतं.

आता फोटोचं. "पण काकू, फोटोत सगळं दिसतं ना?" नाही दिसत. मोबाईलचा कॅमेरा जवळून धरला की नाक मोठं येतं आणि कान मागं जाऊन बारीक होतात. फोटोत ते गोड वाटतं, पण तसंच कागदावर उतरवलं की कुत्र्याचं डोकं चुकतं आणि का चुकलं ते कळत नाही. काळ्या कुत्र्याचा फोटो तर नुसता काळा डाग येतो, डोळा कुठं संपला आणि केस कुठं सुरू झाले पत्ता लागत नाही. समोर बसून बघितलं तर खिडकीचा उजेड पाठीवर निळसर पडलेला दिसतो, पोटाखाली फरशीचा रंग उमटलेला दिसतो.

आणि मागचा पाय! तुम्ही पाठवलेल्या चित्रांत जिथं गाडी अडते ते ठिकाण हेच. मागच्या पायात जो सांधा उलटा वळलेला दिसतो त्याला बहुतेक जण गुडघा समजतात. तो गुडघा नाही, ती टाच आहे. कुत्रं बोटांवर चालतं, टाच कायम वर उचललेली. खरा गुडघा त्याच्याही वर, पोटाजवळ, केसांत झाकलेला असतो. पटत नसेल तर कुत्रं शेजारी झोपलेलं असताना मांडीपासून खाली अलगद हात फिरवा. आधी गुडघा लागेल, मग टाच. एकदा हाताला कळलं की पेन्सिल चुकत नाही. हे फोटोवर बोट फिरवून कळणार आहे का?

तरीही काल एकानं लिहिलंच, "वेळ वाचतो हो फोटोनं." दादा, वेळ वाचवून करायचं काय? मी नोकरीभर पोस्टात काउंटरला होते. रांग लागलेली, मान वर करून माणसाचा चेहरा नीट बघायला सवड नसायची. निवृत्त झाल्यावर वेळच वेळ आला, आणि तो अंगावर आला. चहा होतो, पेपर होतो, देवपूजा होते आणि घड्याळात नऊच वाजलेले असतात. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना सांगायला नको. अशात एक कुत्रं समोर झोपलंय, आणि त्याच्या बरगड्या वरखाली होताना आपण बघतोय. थोड्या वेळानं पंजे थरथरायला लागतात, मिशा हलतात, घशातून बारीक आवाज येतो, म्हणजे स्वप्न चालू आहे. पेन्सिल चालत असते. दुपार कधी सरली कळत नाही. ज्या गोष्टीत एवढं सुख आहे ती लवकर उरकण्यासाठी फोटो कशाला काढायचा?

जपानमध्ये एक अभ्यास झाला होता, 2015 साली 'सायन्स' नियतकालिकात आला. कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे टक लावून बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं त्यात दिसलं. आई आणि बाळाच्या मायेशी जोडलेलं हे संप्रेरक. चित्र काढताना आपण दुसरं काय करत असतो? बघतच असतो. आणि तांबूही मध्येच एक डोळा उघडून माझ्याकडे बघते.

तिच्या कानाबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. "कान कुणी कापला बिचारीचा?" कुणी क्रूरपणा केलेला नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी केली की ओळख पटावी म्हणून भूल दिलेली असतानाच कानाला छोटी खाच देतात. तांबू आमच्या गल्लीतलीच, नसबंदी झालेली, मग हळूहळू आमच्या दारात राहायला लागली आणि घरची झाली. मी प्रत्येक चित्रात ती खाच काढते. तिच्याशिवाय ती तांबू वाटतच नाही.

"या वयात कुत्रं झेपेल का?" हाही प्रश्न योग्य आहे. माझं मत स्पष्ट आहे, साठीनंतर पिल्लू आणू नका. पिल्लाची धावपळ मोठी, आणि गावठी कुत्रं बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. मोठं झालेलं, शांत स्वभावाचं कुत्रं बघा. रेबीजची लस दरवर्षी, पावसाळ्यात गोचिडांवर रोज नजर, आणि आपण आजारी पडलो तर त्याला कोण बघणार हे आधी घरात बोलून ठेवा. आमच्याकडे खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तसा शब्द दिलाय, म्हणूनच मी निर्धास्त आहे.

रंगांचं थोडक्यात. तांबूसारख्या तांबूस कुत्र्याला बर्न्ट सिएना म्हणजे लालसर तपकिरी, आणि यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा. सावलीला काळा रंग नको, बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन निळा मिसळा, सुंदर गडद राखाडी येतो. पहिला थर पूर्ण वाळू द्या, हाताची मागची बाजू अलगद टेकवून बघा, गार लागला तर आत ओल आहे. गंमत म्हणजे कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग वेगळे ओळखू येतात, लाल येत नाही. त्यामुळे तिचा हा तांबूस रंग, ज्याच्यामागं मी लागलेली असते, तो तिला स्वतःला आपल्यासारखा दिसतच नाही.

आमच्या कोल्हापूरला चित्रांची मोठी परंपरा आहे. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान इथल्याच रंकाळा तलावावर बसून चित्रं काढायचे. मीही सकाळी तांबूला घेऊन रंकाळ्यावर जाते. कठड्यावर वही टेकवते, ती पायाशी बसते. लोक थांबतात, आधी तिच्याशी बोलतात, मग चित्र बघतात. दोन-तीन जणांशी तिथंच ओळख झाली, आता तेही वही आणतात.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. ब्रश धुतलेलं पाणी खाली ठेवू नका. कुत्रं ते पितं. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असे घातक धातू असतात, ते पोटात जायला नकोत. झाकणाची बरणी घ्या, टेबलावर भिंतीकडे ठेवा, काम झालं की लगेच ओतून टाका. तैलरंग वापरत असाल तर टर्पेंटाइनची चिंधीसुद्धा त्याच्या वाटेत पडू देऊ नका, त्याच्या पंजाला लागलं की ते चाटणारच.

आता तुमची पानं पाठवा. एका पानावर किमान चार सुरुवाती हव्यात, रबर न वापरता. पूर्ण झालेलं एकच चित्र पाठवलंत तर मी परत पाठवा म्हणेन. पुढच्या रविवारी आपण तुमच्याच पानांवरचे मागचे पाय बघू आणि टाच कुठं आहे ते खुणा करून दाखवू.