जरीचा काठ शिवण्याआधी तार तपासा

नमस्कार मंडळी. माझ्या हातात जरीचे तीन काठ आहेत. तिन्ही सोनेरी, दुकानातल्या दिव्याखाली तर अगदी सारखे दिसणारे. पण एक धुण्यात टिकतो, एक काळा पडतो आणि एक इस्त्रीखाली आक्रसतो.

हा पहिला, जुन्या नऊवारीचा. खरी जर. चांदीची तार ओढत ओढत केसासारखी बारीक करतात, मग चपटी करतात. या चपट्या तारेला म्हणतात बादला. तो रेशमी दोऱ्यावर गुंडाळायचा आणि त्यावर सोन्याचा मुलामा. सुरतेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. अशा साड्या जाळून आतली चांदी काढून घेतात, त्यासाठी त्या विकत घेणारे दारावर येतात. मला मनापासून वाटतं, देऊ नका! साडी विरली असेल तर काठ उसवून घ्या. मागे मलमलची पट्टी लावा, बारीक सुईने हाताने टाचा आणि ब्लाउजला किंवा मुलीच्या परकराला लावा. हा काठ मशीनखाली घालू नका, जुनं रेशीम सुईच्या छिद्रांपाशी फाटतं.

दुसऱ्याला बाजारात टेस्टेड जर म्हणतात. आत तांब्याची तार, वर चांदीचा पातळ थर. मागच्या बाजूने नखाने खरवडा, लालसर झाक दिसेल. घाम आणि अत्तर लागलं की ही लवकर काळवंडते.

तिसरी प्लास्टिक जर. धातूचा मुलामा दिलेली पॉलिस्टरची फिल्म, बारीक चिरून दोऱ्यावर गुंडाळलेली. एक दोरा काढून ज्योतीजवळ धरा, जपून. वितळून टणक मणी झाला तर प्लास्टिक. खऱ्या जरीत रेशीम जळतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि तार मागे उरते.

प्लास्टिक जरीला नाक मुरडायचं कारण नाही. उशीचे अभ्रे, पडदे, दाराचं तोरण, जे वारंवार धुवायचं त्याला हीच योग्य. राजस्थानचा गोटा, म्हणजे अजमेर-जयपूरकडे बनणारी विणलेली चकचकीत फीत, तोसुद्धा पूर्वी बादल्याचा विणायचे, आता बहुतेक याच फिल्मचा असतो. फक्त इस्त्री मंद ठेवा आणि मध्ये सुती फडकं घाला.

आता पडद्याचं. सुती कापड पाण्यात आटतं, प्लास्टिकचा काठ आटत नाही. मग पहिल्याच धुण्यात काठाला चुण्या पडतात आणि आपण शिंप्याला दोष देतो. कापड रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच काठ लावा. मशीनवर काठ ओढू नका, त्याला सैल जाऊ द्या. कोपऱ्यावर 45 अंशात दुमडून शिवा, म्हणजे तिथे जाड गाठ येत नाही. पडद्याला गोंडे लावायचे असतील तर ते टाचण्याऐवजी हुकाने अडकवा, धुताना काढता येतात.

खऱ्या जरीचे कपडे जुन्या मऊ सुती कापडात ठेवा, डांबराच्या गोळ्या त्यांना लागू देऊ नका, आणि अधूनमधून घडी बदला.

पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत भुलेश्वरला काठ घ्यायला गेलात, तर आधी वीतभरच घ्या. घरी धुवा, वाळवा, इस्त्री फिरवा. जमलं, तर मग पूर्ण मापाचा आणा.