कुणी बघत नसतानाचा टीव्ही

श्रोतेहो, नमस्कार.

लहान मूल असलेल्या घरात टीव्ही असावा की नसावा, यावर माझं मत आधीच सांगते. टीव्ही असू द्या. पण कुणी बघत नसताना तो चालू राहता कामा नये. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सकाळी कुणीतरी लावलेल्या आणि थेट रात्री बंद होणाऱ्या टीव्हीची.

“आमचं बाळ कुठे बघतंय? ते आपलं खेळतंय,” असं आपण म्हणतो. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन तासभर खेळू दिलं. त्यातला अर्धा तास खोलीत मोठ्या माणसांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला होता. मुलांना त्यातलं काही कळणं शक्यच नव्हतं. ती पडद्याकडे बघायची तीही अधूनमधून, दोन-चार सेकंद. तरीही टीव्ही चालू असताना त्यांचा एकेक खेळ लवकर मोडत होता आणि खेळातली एकाग्रता कमी होत होती.

हे घरीही दिसतं, जरा शांतपणे बघा. मूल ठोकळ्यावर ठोकळा रचत असतं. टीव्हीत टाळ्या वाजतात, मान वळते. मान परत येते तेव्हा हातातला ठोकळा कुठे ठेवायचा होता हे ते विसरलेलं असतं. मग तो ठोकळा खाली पडतो आणि मूल दुसऱ्याच खेळण्याकडे रांगत जातं. वरवर बघता काहीच बिघडलेलं नसतं. पण एका गोष्टीत रमून जाण्याची सवय याच वयात लागते हो, आणि तीच अशी पुन्हा पुन्हा तुटते.

दुसरा परिणाम आपल्यावर होतो. टीव्ही चालू असला की आईवडील मुलाशी कमी बोलतात, हेही अभ्यासांत दिसून आलं आहे. मूल काहीतरी उचलून दाखवतं, आपण पडद्यावरची नजर न काढता “हं” म्हणतो. ते पुन्हा दाखवतं, पुन्हा “हं”. तिसऱ्यांदा ते दाखवत नाही.

टीव्हीतूनही मूल शब्द ऐकतंच की, असं कुणी म्हणेल. पॅट्रिशिया कूल या संशोधिकेचा २००३चा प्रयोग यावर फार बोलका आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांनी गोष्टी वाचून दाखवल्या. बारा बैठकींनंतर त्या बाळांना चिनी उच्चारांतले बारकावे ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. त्यांना काहीही आलं नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस मला रास्त वाटते: दोन वर्षांच्या आत पडदा नको, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तर अधिक चांगलं.

त्यानंतर मात्र टीव्हीला शत्रू मानू नका. १९६९ मध्ये अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यातले भाग आधी मुलांसमोर चालवून बघत. शेजारी दुसरी चित्रं लावून ठेवत आणि मुलांचं लक्ष नेमकं कुठे उडतं ते टिपून घेत. इतक्या कष्टाने केलेलं काही असेल तर मुलांसोबत बसून बघा, मध्येच थांबून बोला, संपलं की बंद करा.

टीव्ही आला म्हणून मुलं बिघडतातच, असंही नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर टीव्ही आला तो थेट १९९५ मध्ये. संशोधकांनी त्याआधी आणि त्यानंतर शाळेच्या मैदानावरची मुलं पाहिली. मुलं जास्त भांडखोर झाली नव्हती. बेट लहान, माणसं एकमेकांना धरून, प्रत्येक मुलावर कुणाचं ना कुणाचं लक्ष; संशोधकांनी याचं श्रेय त्याला दिलं.

उद्यापासून टीव्ही बंद ठेवायचा ठरवलात, तर सुरुवातीला घर सुनं वाटेल. मुलं “कंटाळा आला” म्हणून मागे लागतील. लगेच दुसरं काही हातात देऊ नका, मोबाइल तर नाहीच. थोडा वेळ कंटाळू द्या, आपला खेळ ती शोधून काढतात. आणि आपली मालिका मूल झोपल्यावर बघा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण दिवसभराच्या दमणुकीनंतर तेवढाच विसावा असतो. पण ती अडचण मोठ्यांची आहे, तिचा भार मुलावर नको.

नमस्कार.