मिरजेचा तंबोरा आणि आमच्या घरचं भांडण

मंडळी, नमस्कार. 'आमची मिरज' या विषयावर बोला आणि दहा मिनिटांत आटपा, असं अध्यक्षांनी बजावलंय. मिरजकराला एका वेळी एकच अट घालावी.

गेल्या शनिवारी आमच्याकडे वाजलं. लेक गाण्याच्या ऑनलाइन क्लासला बसलेली, शेजारी मोबाइलवर तंबोरा सुरू. मी म्हटलं, "घरात मिरजेचा तंबोरा असताना हे काय?" तर म्हणते, "बाबा, त्याला तू दसऱ्याला हार घालतोस आणि मी तारेला हात लावला की ओरडतोस. तो देव आहे की वाद्य?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "दे आता उत्तर."

उत्तर सुचेना, म्हणून इतिहास सांगितला. आपण बापमंडळी दुसरं काय करणार!

शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. इंग्रजी अमलात ते काम आटलं, तेव्हा मिरजेतल्या फरीदसाहेब शिकलगारांच्या घराण्यानं सतारी-तंबोरे करायला घेतले. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्यानं अधू झाली. उपचारासाठी मिरजेत आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपुढे गाणं शिकायला बसले. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते त्यांनीच. बालगंधर्व शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले तेही मिरजेतच, १९०५ साली. अब्दुल करीम खाँसाहेब मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेत. उरुसात गवई अजून तिथं हजेरी लावतात. आणि मिशन हॉस्पिटलचे डॉ. वॉनलेस तर जन्मानं इथले, कॅनडाचे! ते इथून मिरजेला गेले, आपण तिकडून इथं आलो. त्यांनी दवाखाना उभारला, आपण बेसमेंट फिनिश केलं.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे यातल्या कुणीच तंबोरा नुसता पुजला नव्हता," म्हणाली.

सतारमेकर गल्लीत जवारी काढताना, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून घडवताना, कधी बघत उभे राहिलात? पंढरपूरकडून आलेला भोपळा, त्यावर चढवलेली दांडी, हे डोळ्यांना दिसतं. जवारी दिसत नाही. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, मान कलती करून ऐकतो, परत फिरवतो. तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवतो आणि एका क्षणी सगळा भोपळा बोलायला लागतो. हे काम शिकायला कान तयार व्हावा लागतो आणि त्यात वर्षं जातात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. वाद्याची ऑर्डर कुणी दिली? आपल्या दिवाळी पहाटेला मागच्या पडद्यावर तंबोरा छापलेला होता, हौसेनं, चांगला आठ फुटी. सूर मात्र मोबाइलचा. जेवणाच्या मेनूवर आपण तीन बैठका घेतो हो!

पण मोबाइलला नावं ठेवून भागत नाही. तो फुकट आहे, सुरात आहे आणि इथल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेनं तडकत नाही. तिकडे कारागिराच्या मुलानं कशाच्या भरवशावर कानस हातात घ्यावी? आणि इकडे लेक रोज वाजवायला लागली की तारांनी घोडी झिजणार, जवारी जाणार. तंबोरा मिरजेला पाठवायचा तर विमानाचं भाडं ऐकून माझाच सूर हलतो. तेव्हा आसपास कुणी जवारी काढून देणारं माहीत असेल, तर चहाच्या वेळी मला नक्की गाठा.