खेळाचे वय आणि खात्याचे वय

नमस्कार. संयोजकांनी मला सुचवलेला विषय ‘मोबाईलचे दुष्परिणाम’ असा होता. दुष्परिणामांवर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. मी ऐरोलीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो, तेव्हा मला जे कळते त्याच्या हद्दीत राहून बोललेले बरे. सॉफ्टवेअर तपासणाऱ्याला एक खोड लागते. समोर आलेली सोय कोणते गृहीत धरून बांधली आहे आणि ते गृहीत प्रत्यक्ष वापरात टिकते का, हे तो आधी पाहतो. गेमच्या नावाखाली वयाचा जो आकडा दिसतो, त्या रेटिंगकडे आज मी याच नजरेने पाहणार आहे. माझे मत आधीच सांगतो. हे रेटिंग असे धरून चालते की मुलाचे स्वतःचे खाते आहे आणि त्या खात्यावरचे जन्मवर्ष खरे आहे. आपल्या ठाण्यातल्या बहुतेक घरांत यातले काहीच खरे नसते. फोन आईचा असतो, खाते बाबांचे असते आणि खेळणारा चौथीत असतो.

हा आकडा आला कुठून, ते थोडे पाहू. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये हिंसक व्हिडिओ गेमविषयी सुनावण्या झाल्या. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधले रक्त हा त्यांतला मोठा मुद्दा होता. सरकारने कायदा करण्याआधी आपणच काहीतरी करावे, या धोरणी विचाराने तिथल्या गेम उद्योगाने १९९४ मध्ये ईएसआरबी हे स्वतःचे रेटिंग मंडळ स्थापन केले. युरोपात २००३ पासून पेगी ही पद्धत आली आणि ३, ७, १२, १६, १८ हे आकडे डब्यांवर छापले जाऊ लागले. त्या काळात गेम डब्यात येत असे, दुकानात मिळे आणि काउंटरमागे माणूस उभा असे. मोबाईल आल्यावर रोज इतके नवे गेम येऊ लागले की प्रत्येक गेम माणसाने तपासणे अशक्य झाले. म्हणून २०१३ मध्ये या मंडळांनी एकत्र येऊन आयएआरसी ही व्यवस्था उभारली आणि २०१५ पासून गूगल प्ले स्टोअरने ती स्वीकारली. तिच्यात गेम बनवणाराच एक प्रश्नावली भरतो. मारामारी आहे का, रक्त दिसते का, शिव्या आहेत का, नग्नता, अमली पदार्थ, जुगार यांपैकी काय आहे, अशी ती प्रश्नावली असते. त्याच्या उत्तरांवरून संगणक क्षणात प्रत्येक प्रदेशासाठी आकडा काढतो. मंडळे नंतर नजर ठेवतात, तक्रार आली तर दुरुस्तीही करतात. परंतु आपल्याला दिसणारा पहिला आकडा हा विक्रेत्याने स्वतः दिलेल्या उत्तरांचा असतो. भारतात गेमसाठी स्वतंत्र सरकारी मंडळ नसल्यामुळे आपल्याला दिसतात ते याच व्यवस्थेचे सर्वसाधारण आकडे.

उत्तरे देणारा नेहमी लबाडच असतो, असे मला म्हणायचे नाही. पण २००५ सालचे एक प्रकरण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या गेममधला एक लैंगिक प्रसंग बनवणाऱ्यांनी बंद करून ठेवला होता, पण तो डिस्कवर तसाच राहिला. एका हौशी प्रोग्रामरने तो उघडण्याची युक्ती काढली आणि ईएसआरबीला त्या गेमचे रेटिंग १७ वरून १८ वर, म्हणजे ‘फक्त प्रौढांसाठी’, असे बदलावे लागले. बंद करून ठेवलेला कोड म्हणजे काढून टाकलेला कोड नव्हे, हे मी नवीन मुलांना शिकवतो तेव्हा हेच उदाहरण देतो.

आज इथे बसलेले अनेक पालक माझ्याच वयाचे आहेत. आपण टीव्हीला जोडायच्या त्या नकली यंत्रांवर खेळलो, त्यात घालायच्या तुकड्याला आपण ‘कॅसेट’ म्हणायचो आणि ‘मारिओ’ किंवा ‘काँट्रा’साठी शेजाऱ्यांशी कॅसेटची अदलाबदल करायचो. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा स्टेशनबाहेरच्या पदपथावरून कॉपी केलेल्या सीडी आणल्या. अमेरिकेत १७ वर्षांवरील मुलांसाठी ठरवलेले गेम आपल्याकडे सहावी-सातवीतली मुले खेळत होती आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता. रेटिंग पाहून गेम घ्यायचा असतो, ही सवयच आपल्या पिढीला लागली नाही. सिनेमाची गोष्ट वेगळी होती. १९५२ च्या कायद्याने आलेले प्रमाणपत्र पडद्यावर सुरुवातीलाच दिसते, ‘ए’ सिनेमाच्या दाराशी माणूस उभा असतो, आणि आता तर ‘यूए’चेही ७, १३, १६ असे वयोगट झाले आहेत. गेमच्या दाराशी कोणीच उभे नाही.

आता या आकड्यात काय मोजले जात नाही, ते पाहू. माझ्या मते खरा विषय तिथेच आहे. आपल्या खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. तो पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. त्यात साखर किती, तेल कोणते, हे सांगणे त्याचे कामच नाही. गेमवरचा ‘३+’ हा आकडा तसा आहे. पडद्यावर रक्त नाही, शिवी नाही, एवढे तो प्रामाणिकपणे सांगतो. समोरून बोलणारा अनोळखी माणूस कोण आहे, गेम पैसे कसा मागतो, तो संपतो की संपतच नाही, यांचा त्या आकड्यावर बहुतेक वेळा काही परिणाम होत नाही. ‘वापरकर्ते एकमेकांशी बोलू शकतात’, ‘अॅपमध्ये खरेदी आहे’ अशा नोंदी असतात. पण त्या बारीक अक्षरांत, आणि आपला अंगठा तोवर ‘इन्स्टॉल’वर पोचलेला असतो.

यातली पैशांची बाजू मला सर्वांत जास्त खटकते. बंद पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे, असा प्रकार अनेक गेममध्ये आहे. त्याला लूट बॉक्स म्हणतात. बेल्जियमने २०१८ मध्येच तो जुगाराच्या कायद्याखाली आणला. ईएसआरबीने त्याच वर्षी अॅपमधील खरेदीची वेगळी सूचना छापायला सुरुवात केली, पण वयाचा आकडा तसाच ठेवला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीकडून दोन प्रकरणांत मिळून ५२ कोटी डॉलर घेण्याची तडजोड जाहीर केली. एक प्रकरण बटणे अशी मांडण्याचे होते की नकळत खरेदी व्हावी. दुसरे मुलांच्या खासगी माहितीचे होते, आणि त्यात एक आक्षेप असा होता की अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय मुलांसाठीही आपोआप चालू ठेवलेली होती. ‘आपोआप चालू’ हे शब्द कृपया लक्षात ठेवा. रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत मोठा निर्णय जो घेतला जातो, तो कंपनीने सुरुवातीला बटण कोणत्या बाजूला ठेवले आहे हा असतो, कारण ते बटण हलवणारे लोक फार थोडे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२३ मध्ये अशा फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तेव्हा सगळा दोष पालकांच्या माथी मारून मोकळे होणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी मी सहमत नाही. ज्यांचा पगार आपल्याला खेळत ठेवण्यासाठीच आहे अशी हुशार माणसे एका बाजूला, आणि ठाणे लोकलमधून उतरून रिक्षाच्या रांगेत उभी असलेली आई दुसऱ्या बाजूला, असा हा सामना आहे.

मग कायद्यानेच बंदोबस्त का करू नये, असे कोणी विचारेल. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये लहान मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदीचा कायदा केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला, कारण पुस्तकांप्रमाणे गेमलाही अभिव्यक्तीचे संरक्षण आहे असे त्यांनी मानले. चीनने २०२१ मध्ये उलट टोक गाठले. अठरा वर्षांखालील मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ऑनलाइन खेळावे, तेही खऱ्या ओळखपत्रावर. त्यानंतर बातम्या आल्या त्या आजी-आजोबांच्या नावाने खेळणाऱ्या नातवंडांच्या. एवढी मोठी यंत्रणा, पण ती अडली घरातल्या खात्यापाशीच. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलवर बंदी आली, तिचे कारण माहितीची सुरक्षा हे होते. पुढच्या वर्षी तोच खेळ भारतीय नाव घेऊन परत आला. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळण्याला बंदी करतो. ती मला योग्य वाटते, पण आपल्या चौथीतल्या मुलाच्या प्रश्नाशी तिचा संबंध थोडाच आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र जवळचा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवू नयेत, असे तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. परंतु हा कायदाही मूल हे मूल म्हणून नोंदलेले असेल तरच कामाला येतो.

तेव्हा पुन्हा त्या खात्याकडे येऊ. गूगलवर १३ वर्षांखालील मुलाचे खाते फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या गूगलच्याच सोयीतून, पालकाच्या देखरेखीखाली उघडावे लागते. त्याला पाच-दहा मिनिटे लागतात, दोन पासवर्ड लागतात, म्हणून आपण काय करतो? जन्मवर्ष दहाने मागे घेतो. त्या क्षणी कागदोपत्री आपला मुलगा वीस वर्षांचा होतो. रेटिंगची गाळणी, जाहिरातींची मर्यादा, बोलण्यावरचे निर्बंध सगळे गळून पडते, आणि हे कोणत्याही कंपनीने केलेले नसते. पालकांची जबाबदारी या मोठ्या शब्दाची सुरुवात माझ्या दृष्टीने इथे, त्या तारखेच्या चौकटीत होते. वेगळा फोन देणे परवडत नसेल, आणि अनेक घरांत नाहीच परवडत, तर निदान आपल्या फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये पालक नियंत्रण चालू करून पिन लावावा. एक बारकावा असा की ते नियंत्रण आधीच घेतलेल्या अॅपना लागू होत नाही; ती हाताने तपासावी लागतात. प्रत्येक खरेदीला पडताळणी मागण्याची सोय आहे, तीही चालू करावी. आणि यूपीआयचा पिन बदलावा. वाण्याचे आणि इस्त्रीवाल्याचे पैसे मुलगाच स्कॅन करून देतो, म्हणून तो पिन त्याला आपल्यापेक्षा पक्का पाठ असतो!

मुलाच्या फोनवर त्याच्या नकळत पाळत ठेवणारी अॅप टाकण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. नियंत्रण असेल तर ते मुलाला दिसले पाहिजे, त्याचे कारण सांगता आले पाहिजे. शिवाय अशी अॅप स्वतः काय माहिती गोळा करून कुठे पाठवतात, हे पाहायला आपण कधी बसलेलो नसतो.

सेटिंगने भागत नाही असा भाग उरतोच, आणि त्यासाठी तो गेम एकदा स्वतः खेळून पाहण्याला पर्याय नाही. खेळल्यावर काय कळते याचे एकच उदाहरण देतो. मैदानात शंभर खेळाडू उतरतात आणि शेवटी एकच चमू उरतो, अशा प्रकारच्या खेळाची एक फेरी साधारण अर्धा तास चालते. ती मध्येच थांबवता येत नाही. चौघांच्या चमूतला एक बाहेर पडला तर उरलेले तिघे अडचणीत येतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये त्याचा हिशेब होतो. आपण स्वयंपाकघरातून ‘पाच मिनिटांत जेवायला ये’ म्हणतो, तेव्हा त्याच्या फेरीची वीस मिनिटे उरलेली असतात. मुलगा उद्धट झाला असे आपल्याला वाटते, आणि आईला काही कळतच नाही असे त्याला वाटते. अशा वेळी वायफाय बंद करणे हा उपाय अनेक घरांत चालतो; मला तो अन्यायाचा वाटतो. किती मिनिटे खेळायचे यापेक्षा किती फेऱ्या खेळायच्या हे ठरवले आणि शेवटची फेरी सुरू होण्याआधी आवाज दिला, तर निम्मी भांडणे होणारच नाहीत. ज्यांनी खेळून पाहिले नाही त्यांना हे सुचणे कठीण आहे, म्हणून पालकांनी खेळावे असे मी म्हणतो. मुलाशी मैत्री वगैरे होण्यासाठी नव्हे, ती झाली तर उत्तमच.

त्या चौघांविषयी आणखी एक. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत हे चौघे बहुधा एकाच संकुलातले असतात, दोघे तर एकाच मजल्यावरचे. एका घराने नऊ वाजता खेळ बंद करायचा आणि उरलेल्या तिघांनी अकरापर्यंत खेळायचे, तर पहिल्या घरातला नियम आठवडाभरही टिकत नाही, आणि त्यात त्या मुलाची चूक काही नसते. पार्किंगवरून आणि पाण्याच्या टँकरवरून आपण सोसायटीची बैठक बोलावतो. या चार घरांतल्या आई-बाबांनी खाली बाकावर बसून शेवटची फेरी किती वाजता सुरू व्हावी एवढे ठरवायला बैठकीची सूचनाही लावावी लागणार नाही. आता प्रश्न असतील तर विचारा. फॅमिली लिंक कसे चालू करायचे ते ज्यांना पाहायचे आहे, त्यांनी फोन घेऊन पुढच्या रांगेत यावे.