भट्टीत जाण्याआधी

[दृश्य: नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतली शेड. साखळीला टांगलेली बुलेटची चेसिस.]

लांबून पाहिलं तर या चेसिसचा काळा रंग शाबूत वाटतो. आता बॅटरीच्या ट्रेखाली बघा. आम्ल ठिबकून रंगाच्या आत गंज धरलाय, पापुद्रा नखानं निघतोय. दुसरी जागा मागच्या मडगार्डाच्या आतली. पावसाळ्यात तिथं अडकलेली काळी माती वरून सुकते, पत्र्याला लागून मात्र ओलीच राहते.

गाडी नव्यानं रंगवायला मालक येतो तो शेडकार्ड मागत. मॅट की ग्लॉस? ते शेवटी ठरवलं तरी चालतं. आधी भागांची वाटणी करायची, कारण सगळ्यांना एकच लेप चालत नाही. चेसिस, मागचं चाक धरणारा चिमटा, स्टँड, फूटरेस्ट यांना पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी पावडर फवारून भट्टीत पक्की करायची. टाकी आणि साइड पॅनलला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. नटबोल्टला झिंकचा मुलामा. सायलेन्सरला यातलं काहीच नाही. त्याला ६०० अंश सोसणारा सिलिकॉनचा रंग लागतो, आणि तोही तापवल्याशिवाय पक्का होत नाही.

[दृश्य: ब्लास्टिंगची खोली. काळ्या नळीतून करडी धातू उघडी पडते.]

इथं खरं काम सुरू होतं: हवेच्या दाबानं कण मारून जुना रंग आणि गंज उडवायचा, तेच ब्लास्टिंग. खोलीत येण्याआधी चेसिस डीग्रीझरनं धुतलेली असते. रॉकेल-डिझेलनं धुतली तर त्याचाच तवंग मागं राहतो आणि ब्लास्टिंगचे कण तो धातूत ठोकून बसवतात. नळीत सहा किलोचा दाब, कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. मडगार्डाचा पत्रा पातळ, त्याला दाब निम्मा आणि नोझल तिरकं. नाहीतर पत्रा लाटा धरतो. कन्हान नदीची रेती स्वस्त पडते, पण तिच्यात सिलिका असते, आणि तिच्या धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो.

हँडल बसतं त्या हेडवर चिकटवलेली ही टेप चेसिस नंबर झाकतेय. टेपचे चार-पाच थर हवेत, कारण कण पंच केलेले आकडे खाऊन टाकतात, आणि नंबर वाचता आला नाही तर आरटीओत गाडी अडते. रंग बदलणार असाल तर आरसी बुकातही नोंद करून घ्यावी लागते.

ब्लास्टिंग झालेल्या धातूला उघडा हात लावायचा नाही. आषाढ-श्रावणात तर ती दोन-चार तासांत तांबूस पडायला लागते. म्हणून लगेच फॉस्फेटच्या टाकीत, तिथून स्वच्छ पाण्यात, आणि मग सुकवणीला. नळ्यांच्या आत अडकलेले कण हवा मारून काढायचे. राहिले तर ते पुढं कोन सेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये जातात.

[दृश्य: मास्किंग, लेप नको त्या जागा झाकणं. सिलिकॉनची बुचं, हिरवी टेप.]

पावडरचा एक थर ८० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०८ मिलिमीटरचा धरा. बेअरिंगच्या कपाच्या भोकात तो दोन्ही बाजूंनी बसला तर भोक ०.१६ मिलिमीटरनं लहान होतं. कप बसत नाही. मग मिस्त्री हातोडा घेतो आणि नवा लेप टवके उडून खाली. म्हणून कपाच्या जागा, चिमट्याचा पिव्होट, सगळे आटे बुचानं बंद. इंजिन माउंटिंगचे सपाट चेहरेही झाकायचे: बोल्टखाली जाड लेप दबत जातो आणि बोल्ट ढिला पडतो. अर्थिंगची जागा विसरली तर हॉर्न, इंडिकेटर तऱ्हा करतात, आणि मालक वायरिंगवाल्याला शिव्या घालत बसतो.

भट्टीत काय जायचं नाही, तेही इथंच तपासतात. रबरी बुश काढलेले हवेत. लांबी (पुट्टी) भरलेला भाग परत पाठवायचा, २०० अंशांत साधी लांबी टिकत नाही. शॉकॲब्झॉर्बर तर मुळीच नाही. आत तेल आणि गॅस दाबाखाली असतात.

[दृश्य: फवारणी. पावडरचा ढग नळीला वळसा घालून मागं चिकटतो.]

गनमधून निघणाऱ्या कणांवर विजेचा भार असतो, चेसिस हुकमार्फत अर्थ केलेली. म्हणून पावडर मागच्या बाजूलाही जाते. हुकावर जुन्या पावडरचे थर चढलेले असले की अर्थ तुटतो आणि पावडर जमिनीवर पडते. हेडखालचे हे कोपरे अवघड: भार कडांकडे ओढला जातो, खाच कोरडी राहते. कारागीर आधी व्होल्टेज उतरवून खाचा भरतो, मग सरळ नळ्या.

आता पावडर कुठली? आमचं म्हणणं स्पष्ट आहे. खाली झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर, वर पॉलिएस्टर. नुसती इपॉक्सी गंजाला चांगली, पण उन्हात खडूसारखी भुकटी सोडते. इपॉक्सी-पॉलिएस्टरची मिश्र पावडर कपाटासाठी ठीक. मेमध्ये पारा पंचेचाळिशी गाठणाऱ्या या गावात गाडी दिवसभर उन्हात उभी असते. भट्टीतून निघताना तिन्ही सारख्याच चमकतात, फरक पुढच्या उन्हाळ्यात कळतो. डब्यावरचं नाव वाचूनच काम द्या.

[दृश्य: भट्टीचं दार. आत लाल उजेड.]

२०० अंश, १० मिनिटं. मात्र ही मिनिटं धातू तापल्यापासून मोजायची, भट्टीतली हवा तापल्यापासून नव्हे. हेडची जाड नळी सगळ्यात शेवटी तापते. कच्ची राहिलेली पावडर दिसायला पक्कीच असते. थिनरचा बोळा घासल्यावर ती मऊ पडून रंग सोडते. ओतीव ॲल्युमिनियमचे भाग लेपाआधी एकदा रिकामे तापवून घेतात, म्हणजे छिद्रांतली हवा नंतर रंगात बुडबुडे काढत नाही.

[दृश्य: टाकीवर पीयूचा हात. मग क्रोमची रिंग.]

टाकीच्या पीयूला इपॉक्सी प्रायमर लागतोच. उन्हाळ्यात दुपारी फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच थिनर उडतं आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. सावकाश उडणारं थिनर घ्या, काम सकाळी करा.

क्रोमची चमक मायक्रॉनभरही जाड नसते. गंज अडवतं ते खालचं निकल, म्हणून निकलचा थर विचारायचा. हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारे बोल्ट प्लेटिंगला दिले तर त्यांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. लगेच काही तास भट्टीत ठेवावे लागतात. क्रोमच्या टाकीतलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे.

[दृश्य: जोडणी. नळीत लांब नळकांडीनं मेण सोडणं.]

नळ्यांच्या आत पावडर पोचत नाही, तिथं कॅव्हिटी वॅक्स मारतात. पाणी निघायची खालची भोकं उघडी ठेवायची. टवका उडाला तर पीयूचा टचअप चालतो, पण नंतर वेल्डिंग करायचं ठरलं तर तेवढ्याच जागी पावडर चढत नाही, अख्खी चेसिस पुन्हा ब्लास्टिंगला येते. म्हणून साइड स्टँडचा तडकलेला ब्रॅकेट, वाकलेला फूटरेस्ट, लगेज कॅरियरचे कान, सगळं वेल्डिंग आधी उरकून मगच गाडी इकडे आणा.