फाइल अडते कुठे?

(पडद्यावर: टेबलावर एक फोन, त्याला खेटून लॅपटॉप. फोनवर शेअरची खिडकी उघडी आहे, 'जवळची उपकरणं शोधत आहे' असं लिहिलंय आणि शेजारी गोल फिरतोय.)

फोन आणि लॅपटॉपमध्ये जेमतेम हातभर अंतर आहे. दोघांतही वाय-फाय आहे, दोघांतही ब्लूटूथ आहे, आणि हे दोन्ही रेडिओ जगभर ठरलेल्या प्रमाणांनुसारच (स्टँडर्ड्स) बनतात. तरी फोनला लॅपटॉप दिसत नाही. मग आपण व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवतो, नाहीतर ईमेलला जोडतो. हातभर अंतर जायची फाइल आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर चढते आणि तिथून उतरून शेजारच्या यंत्रात येते. मेसेजिंग अ‍ॅपमधून साधा फोटो म्हणून पाठवलं, तर वाटेत तो दाबून लहान केला जातो. कधी आणि कुठे काढला, ही त्याच्या आतली नोंदही बहुधा जाते.

हा सगळा वळसा तंत्र कमी पडतंय म्हणून घ्यावा लागत नाही. एके काळी हेच काम कंपनी न बघता होत होतं.

(पडद्यावर: बटणांचे दोन जुने फोन, वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकावर प्रश्न येतो: 'फाइल स्वीकारायची?')

1993 मध्ये इर्डा (इन्फ्रारेड डेटा असोसिएशन) ही संघटना स्थापन झाली, यंत्रांनी इन्फ्रारेड प्रकाशातून माहिती कशी पाठवावी हे ठरवायला. तिच्या कामातून ओबेक्स नावाची एक पद्धत आली. संपर्काचं कार्ड असो, फोटो असो, की फाइल. ती समोरच्या यंत्राकडे सरकवायची, त्याने हो म्हणावं किंवा नाही, बस. 1998 मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा ब्लूटूथसाठी एकत्र आल्या, पुढच्या वर्षी पहिलं प्रमाण निघालं, आणि ब्लूटूथने फाइल पाठवायला हीच ओबेक्स उचलली. म्हणून त्या काळात या कंपनीच्या फोनमधली रिंगटोन त्या कंपनीच्या फोनवर आणि तिथून विंडोजच्या संगणकावर सहज जायची. पहिल्यांदा एक आकडा जुळवायचा, एवढंच.

ही पद्धत मागे पडली ती वेगामुळे. 2004 च्या ब्लूटूथ 2.0 मध्ये प्रत्यक्ष वेग सेकंदाला साधारण 2 मेगाबिटच्या आसपास मिळतो. शंभर किलोबाइटचा फोटो त्यात क्षणात जातो. एक गिगाबाइटच्या व्हिडिओला मात्र तासाभराहून जास्त लागतो. कॅमेरे सुधारले, फाइली फुगल्या, तेव्हा वाय-फायकडे वळणं भागच होतं. पण रेडिओ बदलताना सगळ्यांनी मिळून केलेला करार मागेच राहिला. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

2010 मध्ये वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने वाय-फाय डायरेक्ट आणलं. त्यामुळे मध्ये राउटर नसतानाही दोन यंत्रं थेट जोडता येऊ लागली. जोडल्यावर पुढे काय बोलायचं, हे मात्र प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. 2011 मध्ये मॅकवर एअरड्रॉप ही अ‍ॅपलची जवळच्या यंत्राला थेट फाइल देण्याची सोय आली, 2013 मध्ये आयफोनवर. नाव तेच, कंपनी तीच, आणि तरीही मॅक आणि आयफोन एकमेकांना फाइल देऊ शकत नव्हते. आतली पद्धत वेगळी होती. ते जुळायला 2014 उजाडलं. एकाच घरातल्या दोन यंत्रांची ही गत, तर बाकीच्यांचं काय होणार? मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये विंडोज ते विंडोज अशी आपली सोय काढली. शाओमी, ओप्पो आणि विवोने आपसात वेगळा करार केला. गूगलचं निअरबाय शेअर आणि सॅमसंगचं क्विक शेअर 2020 मध्ये आलं, आणि 2024 च्या जानेवारीत दोन्ही एक होऊन क्विक शेअर झालं. अँड्रॉइड आणि विंडोज यांची गाठ या सोयींमुळे पडली. आयफोन आणि मॅक कुंपणापलीकडेच राहिले.

(पडद्यावर: आयफोनवर एअरड्रॉप उघडतं. दृश्य मंद गतीने.)

या कुंपणाच्या आत नेमकं काय घडतं, ते जरा सावकाश पाहू. शेअरचं बटण दाबलं की फोन आधी ब्लूटूथवरून अगदी छोटी हाक देतो. त्या हाकेत पाठवणाऱ्याच्या फोन नंबरचे आणि ईमेलचे गणिती ठसे (हॅश) असतात, म्हणजे मूळ नंबर थेट न दाखवता त्यावरून गणिताने काढलेली खूण. तेही पूर्ण नाहीत, फक्त सुरुवातीचे तुकडे. आजूबाजूचं एअरड्रॉप चालू असलेलं यंत्र ती हाक ऐकून आपलं वाय-फाय जागं करतं. मग दोघं एका खास वाय-फाय जोडणीवर भेटतात. ही जोडणी अ‍ॅपलची स्वतःची, जाहीर प्रमाणात न बसणारी. दोघं ठरलेल्या ठेक्यावर चॅनेल बदलतात, म्हणूनच घरच्या वाय-फायचं काम चालू असतानाच ही भेटही चालते. त्यानंतर तीन टप्पे: तू कोण ते विचारणं, फाइल घेशील का ते विचारणं, आणि फाइल पाठवणं. हे तिन्ही टप्पे चालतात एचटीटीपीएसवर. म्हणजे ज्या पद्धतीने कुठलंही वेबपान तुमच्या ब्राउझरमध्ये येतं, तिच्यावरच.

फाइल वाहून नेण्याची भाषा सगळ्यांना येते, अगदी वर्षानुवर्षं येते. वेगळी आहे ती फक्त हाक मारण्याची आणि भेटण्याची तऱ्हा.

हे सगळं बाहेर आलं ते जर्मनीतल्या डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांमुळे. त्यांनी अ‍ॅपलची ती खास जोडणी उकलली आणि तिची मुक्त आवृत्ती लिहून दाखवली. 2021 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली: ओळख पटवताना जे पूर्ण ठसे दिले जातात, त्यांवरून जवळचा अनोळखी माणूस मूळ फोन नंबर शोधून काढू शकतो. बंद दाराआड ठेवलेली पद्धत आपोआप सुरक्षित होत नाही, हे मला इथे ठासून सांगावंसं वाटतं.

(पडद्यावर: अँड्रॉइड फोन, विंडोज आणि लिनक्सचे लॅपटॉप, आयफोन. चारही पडद्यांवर एकच अ‍ॅप.)

आज हातात काय आहे? यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर लोकलसेंड किंवा केडीई कनेक्ट ही अ‍ॅप. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड सगळ्यांना खुला, आणि दोन्ही अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतात. फाइल इंटरनेटवर जात नाही, घरातल्या नेटवर्कवरच फिरते. अट एकच, यंत्रं एका नेटवर्कवर हवीत. आणि बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर राउटर जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम तोडून ठेवतो. विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' असं नोंदलेलं असलं की फायरवॉल बाहेरची हाक अडवते. व्हीपीएन चालू असलं तरी यंत्रं एकमेकांना दिसेनाशी होतात. अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याआधी या तीन गोष्टी बघा.

कधी फाइल पोहोचते आणि उघडत नाही. 2017 पासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो आणि विंडोजला तो उघडायला एक जादा जोड (एक्स्टेन्शन) लागू शकते. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपीईजी होतात.

(पडद्यावर: अँड्रॉइड फोनच्या यादीत आयफोनचं नाव उमटतं.)

2025 च्या नोव्हेंबरमध्ये गूगलने क्विक शेअर एअरड्रॉपशी जोडलं, सुरुवातीला पिक्सेल 10 फोनवर आणि अ‍ॅपलची मदत न घेता. समोरच्याने आयफोनवर दहा मिनिटांसाठी 'सर्वांना' ही परवानगी द्यायची, की अँड्रॉइडवरून फाइल थेट जाते, मॅकवरसुद्धा. त्याच वर्षी मार्चमध्ये युरोपियन कमिशनने बड्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठीच्या डिजिटल बाजार कायद्याखाली अ‍ॅपलला आपल्या सोयी इतरांच्या यंत्रांसाठी खुल्या करायला सांगितलं होतं. आयफोनच्या आयओएस 26 या आवृत्तीत वाय-फाय अवेअर आलं. जवळची यंत्रं राउटरशिवाय शोधायचं आणि जोडायचं हे जाहीर प्रमाण अँड्रॉइडमध्ये 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून आहे. आता आयफोनवरचं अ‍ॅपही जोडणीचा कोड जुळवून, वापरणाऱ्याच्या परवानगीने, त्यावरून शेजारच्या यंत्राला हाक देऊ शकतं.